लडाखमधील मोटारसायकल पर्यटन

लडाखमधील मोटारसायकल पर्यटन : हिमालयातील उंच खिंडी ओलांडून लडाखच्या पठारी प्रदेशात मोटारसायकलीवरून केला जाणारा साहसी प्रवास. श्रीनगर–लेह आणि मनाली–लेह हे त्याचे दोन प्रमुख मार्ग असून साधारणतः जून ते सप्टेंबर हा त्याचा हंगाम होय. या पर्यटनाचा इतिहास पाहता असे आढळते की, त्यातील मार्ग आणि वाहन यांपैकी कोणतीही गोष्ट मूलतः पर्यटनासाठी निर्माण झालेली नव्हती. सीमेच्या संरक्षणाची निकड हेच दोहोंचे मूळ होय.

मार्गांची निर्मिती : मोटाररस्ते होण्यापूर्वी लडाखची वाहतूक घोडे, खेचरे व याक यांच्या तांड्यांवर अवलंबून असे. काश्मीर, तिबेट व मध्य आशिया यांना जोडणाऱ्या व्यापारी मार्गांवरील लेह हे महत्त्वाचे केंद्र होते. १९४७-४८ च्या युद्धात या प्रदेशाची दुर्गमता प्रकर्षाने जाणवली. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहेरसिंग यांनी लेह येथे तात्पुरत्या धावपट्टीवर डाकोटा विमान उतरविले, तर त्याच वर्षी १ नोव्हेंबर रोजी झोजी ला या खिंडीत भारतीय सैन्याने रणगाडे नेऊन लेहचा मार्ग मोकळा केला (‘ला’ म्हणजे खिंड). पुढे चीनने अक्साई चीनमधून रस्ता बांधल्याचे १९५७ नंतर उघड झाले आणि सीमावर्ती रस्त्यांच्या बांधणीस वेग आला. या कामासाठी ७ मे १९६० रोजी सीमा रस्ते संघटनेची स्थापना झाली.

श्रीनगर–लेह रस्ता कारगिलच्या परिसरात युद्धबंदी रेषेच्या निकट असल्याने पर्यायी मार्गाची गरज होती. ती मनालीहून जाणाऱ्या रस्त्याने भागविली. हा रस्ता रोहतांग (३,९७८ मी.), बारालाचा ला (सु. ४,९०० मी.), लाचुंग ला (सु. ५,०६० मी.) आणि तांगलांग ला (सु. ५,३३० मी.) या खिंडी ओलांडतो. बारालाचा व लाचुंग यांच्या दरम्यान गाटा येथील २१ वळणांची चढण आहे, तर पांगच्या पुढे मोरे हे विस्तीर्ण मैदान लागते. लेहच्या उत्तरेस नुब्रा खोऱ्याकडे जाणारा खार्दुंग ला रस्ता सियाचीन भागातील सैन्याला रसद पुरवितो. या खिंडीतील फलकावर दीर्घकाळ १८,३८० फूट अशी उंची दिलेली होती. तथापि प्रत्यक्ष मोजणीत ती सु. ५,३५९ मी., म्हणजे सु. १७,५८० फूट भरते.

वाहन : भारतीय सैन्याने १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात सीमेवरील गस्तीसाठी इंग्लंडमधील रॉयल एनफील्ड कंपनीच्या ३५० घ.सेंमी. क्षमतेच्या ‘बुलेट’ मोटारसायकली मागविल्या. १९५५ मध्ये मद्रास मोटर्स या संस्थेच्या सहकार्याने ‘एनफील्ड इंडिया’ ही कंपनी स्थापन झाली व मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे उत्पादन सुरू झाले. मूळ इंग्रज कंपनी १९७० च्या सुमारास बंद पडली, तरी मद्रासचा कारखाना चालूच राहिला. वजनदार बांधणी, कमी वेगातही भरपूर ओढ देणारे एक सिलिंडरचे एंजिन आणि सैन्यातील वापरामुळे दूरवरच्या गावीही मिळणारे कारागीर या गुणांमुळे बुलेट पर्वतीय प्रवासाची प्रतीकच बनली. याच कंपनीने २०१६ मध्ये ‘हिमालयन’ नावाची, अशा प्रवासासाठीच आखलेली मोटारसायकल बाजारात आणली.

पर्यटनाचा विकास : १९७४ मध्ये लडाख पर्यटकांसाठी खुला करण्यात आला. मनाली–लेह मार्ग १९८९ मध्ये खुला झाला. आरंभी मोटारसायकलीने येणाऱ्यांत परदेशी प्रवाशांचा भरणा होता. १९९० नंतर भारतीय मध्यमवर्गातील तरुण या मार्गाकडे वळले. १९९९ मध्ये ‘रेड द हिमालय’ ही मोटारशर्यत सुरू झाली. २००९ मधील थ्री इडियट्स या हिंदी चित्रपटामुळे पँगाँग सरोवर घरोघरी पोहोचले आणि पर्यटकांची संख्या झपाट्याने वाढली.

प्रवासाचे स्वरूप : समुद्रसपाटीच्या मानाने ५,३०० मी. उंचीवर हवेचा दाब जवळजवळ निम्मा होतो. त्यामुळे एंजिनला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही व त्याची शक्ती बरीच घटते. कार्बुरेटरच्या एंजिनात हवा विरळ झाली, तरी पेट्रोल त्या प्रमाणात कमी होत नाही. परिणामी काळा धूर येतो व प्लगवर काजळी धरते. म्हणून जुने प्रवासी जादा प्लग, क्लच व अ‍ॅक्सिलरेटरच्या तारा आणि ट्यूब जवळ बाळगीत. भारत स्टेज-६ हे प्रदूषणमानक १ एप्रिल २०२० पासून लागू झाल्यावर नव्या मोटारसायकलींत इंधन-अंतःक्षेपण पद्धती सार्वत्रिक झाली. तिच्यामुळे इंधनाचे प्रमाण आपोआप जुळते. शक्ती मात्र घटतेच. चंद्रा व भागा या नद्यांच्या संगमावरील टांडी येथील पंपानंतर लेहच्या परिसरापर्यंत तीनशेहून अधिक किमी. अंतरात अनेक वर्षे पेट्रोल मिळत नसे. त्यामुळे मोटारसायकलीच्या दोन्ही बाजूंस इंधनाचे डबे बांधण्याची प्रथा पडली. दुपारच्या उन्हाने बर्फ वितळून नाल्यांना पाणी चढते, यास्तव प्रवासी पहाटेच निघतात.

मनुष्यदेहावरील परिणाम अधिक गंभीर असतात. डोकेदुखी, मळमळ व निद्रानाश ही विरळ हवेच्या विकाराची प्रारंभिक लक्षणे असून फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साठल्यास मृत्यू ओढवतो. या विकाराचे महत्त्वाचे संशोधन लडाखसारख्या भागात तैनात सैनिकांवरूनच झाले. इंदर सिंग व सहकारी या भारतीय सेनाडॉक्टरांनी १९६९ मध्ये १,९२५ सैनिकांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सु. ३,५०० मी. उंचीच्या लेह येथे आल्यावर पर्यटकांना दोन दिवस विश्रांती घेण्यास सांगितले जाते. लक्षणे वाढल्यास तत्काळ कमी उंचीवर उतरणे हाच खात्रीचा उपाय होय.

आर्थिक व सामाजिक परिणाम : सरचू, पांग इ. ठिकाणी हंगामापुरती तंबूतील भोजनगृहे उभी राहतात. लेहमध्ये मोटारसायकली भाड्याने देण्याचा व दुरुस्तीचा व्यवसाय वाढला. बाहेरून आणलेल्या भाड्याच्या मोटारसायकलींनी लडाखमध्ये स्थलदर्शन करू नये, असा आग्रह स्थानिक व्यावसायिकांनी धरला आणि त्यावरून वाद उद्भवले. प्रवाशांच्या साहसकथांत क्वचितच स्थान मिळणारा वर्ग म्हणजे रस्त्यावरील मजूर. झारखंडमधील दुमका व त्याच्या आसपासच्या भागातून आलेले हे कामगार दरवर्षी हिमस्खलन व दरडींनी मोडलेला रस्ता पूर्ववत करतात. ज्या उंचीवर पर्यटक काही मिनिटे थांबून छायाचित्र घेतो, तेथे हे लोक महिनेच्या महिने राहून काम करतात.

पर्यावरण : लडाख हे शीत वाळवंट असल्याने तेथील वनस्पतींचे आवरण एकदा मोडले, की ते लवकर भरून येत नाही. रस्ता सोडून कुरणांतून वाहने नेल्याने चांगपा पशुपालकांच्या पश्मीना शेळ्यांचे चराऊ क्षेत्र खराब होते. पाण्याची टंचाई असलेल्या लेहवर उन्हाळी गर्दीचा ताण पडतो. ऑगस्ट २०१० मधील ढगफुटीत लेह परिसरात दोनशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. नालापात्रांलगतच्या वस्तीचा धोका तीत स्पष्ट झाला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये रोहतांगवर जाणाऱ्या पर्यटक वाहनांच्या दैनिक संख्येवर मर्यादा घातली.

बदलते स्वरूप : ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किमी. लांबीच्या अटल बोगद्याचे उद्घाटन झाले. त्यामुळे रोहतांग टाळता येऊन मनाली–लेह अंतर सु. ४६ किमी.ने घटले व लाहूलमधील गावांचा हिवाळी एकांतवास बराच कमी झाला. २०२४ मध्ये निम्मू–पदुम–दारचा हा तिसरा मार्ग जोडला गेला आणि त्यावरील शिंकू ला बोगद्याचे काम सुरू झाले. रस्ता सुकर झाल्याने साहसाची गोडी ओसरली, अशी काही प्रवाशांची तक्रार असते. परंतु ज्या खडतरपणाला ते साहस मानतात, तोच स्थानिक लोकांना औषधोपचार, शिक्षण व बाजारपेठ यांपासून अनेक महिने दूर ठेवीत आला आहे. सैन्यासाठी बांधलेला हा मार्ग पर्यटकांना योगायोगाने लाभला. त्याचे मोल मात्र प्रथम या प्रदेशातील रहिवाशांच्या गरजेवरूनच ठरवावे लागते.