भागवंतीचं काय चुकलं?



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करायचे राहिले आणि वाद रंगला तो ‘आई कुठे काय करते’वर. मालिका संपली तरी अरुंधती बायकांच्या डोक्यातून जात नाही. दोघी म्हणाल्या, तिनं घटस्फोट घेतला ते बरोबरच केलं. एक मावशी म्हणाल्या, “एवढी वर्षं काढली होती, उरलेलीपण निघाली असती.” मग जो गलका झाला, की वही मिटून ठेवावी लागली.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं, तर त्या हसल्या. म्हणाल्या, “आमच्या वेळी भागवंतीवरून असंच व्हायचं.”

ही भागवंती ‘हम लोग’मधली. 7 जुलै 1984 ला दूरदर्शनवर सुरू झालेली ही मालिका आपल्या देशातल्या दैनंदिन कौटुंबिक मालिकांची थोरली बहीणच म्हणायची. लिहिली होती मनोहर श्याम जोशी यांनी. डिसेंबर 1985 पर्यंत तिचे दीडशेच्या वर भाग झाले. बहुतेक ठिकाणी दुसरं चॅनलच नव्हतं. गल्लीत एखाद्याच घरी टीव्ही असायचा, त्यामुळे सगळी आळी त्याच ओसरीवर. सासूबाईंच्या माहेरी तालुक्याच्या गावाला असंच होतं. बसायला घरून पोतं न्यायचं.

या मालिकेची कल्पना मेक्सिकोतून आली. तिथे मिगेल साबिदो नावाच्या माणसानं 1970 नंतरच्या काळात प्रौढ शिक्षण, कुटुंबनियोजन असे विषय मालिकांतून लोकांपर्यंत नेले होते. त्याची रीत सोपी होती. एक चांगलं पात्र, एक वाईट पात्र आणि एक मधलं, जे चुकतं आणि सुधारतं. आपल्या सरकारलाही कुटुंबनियोजन सांगायचं होतं. पण पहिल्या तेरा भागांत उपदेश फार झाला. लोक कंटाळले, मग उपदेश कमी करून घरातली गोष्ट वाढवली. (आपल्या प्रशिक्षणांतही हे कुणी लक्षात घेतलं तर बरं होईल.)

गोष्ट साध्या घरातली. बाप बसेसर राम दारूडा. थोरली मुलगी बडकी लग्नाची, मधली मझली सिनेमात जायला निघालेली, धाकटी छुटकी डॉक्टर व्हायचं स्वप्न बघणारी. लल्लू नोकरी शोधतोय, नन्हे क्रिकेट खेळतोय. आणि या सगळ्यांची आई भागवंती. राबणारी, नवऱ्याचं ऐकून घेणारी, स्वतःसाठी काही न मागणारी.

भाग संपला की अशोक कुमार येऊन चार शब्द बोलायचे, आणि वेगवेगळ्या भाषांत ‘हम लोग’ म्हणून निरोप घ्यायचे. लोक त्यांना घरातलं वडीलधारं माणूस समजून पत्रं लिहायचे. आमच्या लग्नाला घरचे तयार नाहीत, तुम्ही समजावा, असंही पोरंपोरी लिहीत. दूरदर्शनला आणि कलाकारांना मिळून चार लाखांच्या आसपास पत्रं गेली, असं या मालिकेवर संशोधन करणाऱ्यांनी नोंदवलंय. आणि ती पत्रं वाया गेली नाहीत. आजी, म्हणजे सुषमा सेठ यांची दादी, कॅन्सरनं लवकर जायची होती, पण लोकांना ती इतकी आवडली की तिचं आयुष्य लांबवावं लागलं.

आता भागवंतीकडे येऊ. मालिका करणाऱ्यांच्या मनात ती ‘अशी होऊ नका’ सांगण्यासाठी होती. पुढे अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकांनी हजारावर प्रेक्षकांना विचारलं, की तुम्हाला कोण आदर्श वाटतं? तर कितीतरी जणांनी भागवंतीचंच नाव घेतलं, आणि त्यात बायकाच जास्त!

शिकलेली माणसं यावर म्हणतात, बायकांना संदेश कळलाच नाही. मला हे पटत नाही. संदेश कळला असणारच. पण ज्या बाईनं स्वतः तेच केलंय, तिनं भागवंतीला चूक म्हणायचं म्हणजे स्वतःची वीस वर्षं चूक म्हणायची. ते कोण म्हणेल? आमच्या मावशी अरुंधतीवर चिडल्या त्याचं कारणही मला तेच वाटतं.

आणखी एक गोष्ट. पत्रं लिहिली ती लिहिता येणाऱ्यांनी. 1981 च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायकांत साधारण तीसच साक्षर होत्या. उरलेल्या सत्तर जणींचं मत त्या चार लाखांत किती आलं असेल?

सासूबाईंना मी विचारलं, तुमचं काय म्हणणं होतं? त्या म्हणाल्या, “मला लिहायचं होतं, त्या बसेसरला घराबाहेर काढ म्हणून.”

“मग लिहिलं का नाही?”

“लिहून देणार कोण? घरात लिहिता येत होतं ते तुझ्या सासऱ्यांना.”

त्या मावशींना मी बैठकीत गप्प केलं होतं, घाई होती म्हणून. येत्या पाच तारखेला हप्ते आधी घेऊ, आणि मग पहिल्यांदा त्यांनाच बोलायला सांगणार आहे.