फादरनी पतपेढी काढली तेव्हा

वसईबाहेरच्या एका मित्राने एकदा पापडीतल्या बॅसीन कॅथॉलिक बँकेची पाटी वाचली आणि विचारलं, ‘येशूने मंदिरातल्या सराफांची टेबलं उलथली होती ना रे? मग तुमच्या बँकेच्या नावात कॅथॉलिक कसं?’ मी हसून वेळ मारून नेली. पण पाटी रोज दिसायची आणि तो प्रश्नही.

कारण प्रश्न थट्टेचा असला तरी खोटा नव्हता. व्याज हा चर्चच्या दृष्टीने शेकडो वर्षं पाप होता. इ.स. ३२५ मध्ये नायसियाच्या धर्मसभेने धर्मगुरूंना व्याज घ्यायला बंदी केली; ११३९ मध्ये लॅटरनच्या दुसऱ्या धर्मसभेने व्याजखोरांना सरसकट दोषी ठरवलं. मध्ययुगातला एक युक्तिवाद मला फार आवडतो: व्याज घेणारा वेळ विकतो आणि वेळ तर देवाचा, म्हणजे हा चोरीचा माल. त्याउलट दान म्हणजे पुण्य. उपवासकाळात प्रार्थना, उपास आणि दानधर्म ही तिन्ही कामं आमच्याकडे अजून एका दमात सांगितली जातात.

वसईत मात्र हा हिशेब कधीच इतका सरळ नव्हता. १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि त्यांच्यामागोमाग मिझेरिकोर्दिया आली. ही दयाधर्म करणारी संस्था, १४९८ मध्ये लिस्बनला सुरू झालेली. गरिबांना मदत, आजाऱ्यांची सेवा, अनाथ मुलींची लग्नं ही तिची कामं. मकावमध्ये याच संस्थेने धर्मादाय पैसा समुद्री व्यापाऱ्यांना व्याजाने दिला आणि त्या उत्पन्नातून दानधर्म चालवला. दुसरीकडे, वसई परिसरातल्या काही गावांचा महसूल जेझुइटांच्या जपानमधल्या मिशनच्या खर्चाला जात असे. म्हणजे इथला कुळवाडी राबायचा आणि पुण्य जपानमध्ये जमा व्हायचं! त्याला कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

त्याच जपानला वसईचा गोन्सालो गार्सिया गेला. आधी जेझुइटांचा मदतनीस म्हणून. पुढे त्यांच्या संघात प्रवेश मिळेना, तेव्हा तो व्यापारी झाला, चांगला पैसा कमावला, मग सगळं सोडून मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत त्याला क्रूसावर मारलं. १८६२ पासून तो संत आहे. आमच्या लहानपणी त्याची गोष्ट सांगताना ‘सगळं सोडलं’ यावर भर असायचा. व्यापार आला की सांगणारे पुढे सरकायचे.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले. राहिले ते वाडीत राबणारे ख्रिस्ती शेतकरी. केळी, पानवेली, भाजी, फुलं. केळ लावल्यापासून घड कापेपर्यंत जवळपास वर्ष जातं. खत, मजुरी, पावसाळ्यातलं आजारपण आणि घरातलं लग्न मात्र तेवढं थांबत नाही. मधल्या काळाचा पैसा सावकाराकडे. अशा माणसाला चर्चची दानपेटी काय देणार? तो भिकारी नाही. त्याच्याकडे वाडी आहे, राबणारे हात आहेत, येणारं पीक आहे. नाही ते फक्त आठ-दहा महिने. वेळ देवाचा असेल, पण विकत होता सावकारच.

ही अडचण युरोपातही ओळखलेली होती. इटलीत पेरुजियाला १४६२ मध्ये फ्रान्सिस्कनांच्या प्रेरणेने गरिबांसाठी तारण ठेवून कर्ज देणारी पेढी निघाली. खर्च भागवायला ती थोडं व्याज घ्यायची, म्हणून डोमिनिकनांनी आरडाओरड केली. १५१५ मध्ये पोप दहाव्या लिओंच्या काळात अशा पेढ्यांना मान्यता मिळाली. पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मनीत रायफायझन नावाचे एक प्रोटेस्टंट महापौर श्रीमंतांच्या देणग्यांवर मदतसंस्था चालवून थकले. देणाऱ्यांचा उत्साह ओसरतो, घेणाऱ्यांची गरज ओसरत नाही. शेवटी त्यांनी शेतकऱ्यांनाच सभासद करून पतसंस्था उभी केली. हाच नमुना १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने भारतात आला.

आणि १९१८ मध्ये वसईत मॉन्सिनियर पी. जे. मोनिस या धर्मगुरूंनी शेतकऱ्यांसाठी कॅथॉलिक पतसंस्था काढली. आजची बँक ती हीच. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात पाऊस दगा देणार होता आणि इन्फ्लुएन्झाची साथ येणार होती. मला मोनिसांचं धाडस वाटतं ते असं: दान मागणं धर्मगुरूला शोभून दिसतं, वसुली करणं नाही. ज्याला रविवारी पापाची क्षमा द्यायची, त्याच्याच हप्त्याची आठवण सोमवारी आपण काढलेल्या संस्थेने करायची! पण दान घेणारा कायम घेणाराच राहतो. सभासद कर्ज फेडतो, मत देतो, आणि उद्या दुसऱ्याला कर्ज द्यायचं की नाही हे ठरवायलाही बसतो.

पण ही शिडी सुरू व्हायची ती वाडी असलेल्यापासून. त्याखालचा माणूस? वसई तालुक्याच्या पूर्वेकडच्या पाड्यांवर आदिवासी माणूस लग्नासाठी मालकाकडून पैसे घ्यायचा आणि त्यापायी वर्षानुवर्षं राबायचा. त्याला शब्दच होता, ‘लग्नगडी’. १९७६ मध्ये वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला, तरी १९८० च्या दशकात श्रमजीवी संघटनेला याच तालुक्यात वेठबिगार सोडवायला उतरावं लागलं. पतसंस्था निघून साठ वर्षं उलटली होती. अंतर काही किलोमीटरचं. पत नसलेल्याला पतसंस्था दिसत नाही, आणि तेव्हा आमच्या दानाचा हातही तिथवर फारसा लांबला नव्हता, असं मला वाटतं.

कॅथॉलिक बायबलमध्ये बेनसिराचा ग्रंथ आहे. प्रोटेस्टंट बायबलमध्ये तो सहसा नसतो. त्यात एकाच अध्यायात सांगितलंय, की शेजाऱ्याला उसने देणं ही दया आहे, शेजाऱ्यासाठी जामीन राहणारा माणूस चांगला, आणि जामीन राहून कित्येक धुळीला मिळाले आहेत. तिन्ही गोष्टी, काही ओळींच्या अंतराने. लिहिणाऱ्याला पैशाचा आणि नातेवाइकांचाही अनुभव असणार.

मागच्या महिन्यात माझ्या आतेभावाने टेम्पोच्या कर्जासाठी माझी जामीनदार म्हणून सही मागितली. फॉर्म मी घरी आणला. दोन रात्री तो फ्रिजवर पडून होता. आईने विचारलं, ‘करतोस ना रे सही?’ मी तिसऱ्या दिवशी केली. त्याच्या आदल्या रविवारी अर्पणाच्या थैलीत शंभराची नोट टाकली होती, तेव्हा हातही थबकला नव्हता.