आरशातला चेहरा

‘कला हा समाजाचा आरसा आहे’ या विषयावर इतिहासाच्या बाईंनी वर्गात लावून दिलेला वाद तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. अनुकूल बाजूने देवलांचे ‘संगीत शारदा’ (१८९९) पुढे केले. पैसे घेऊन म्हाताऱ्यांना दिलेल्या मुली समाजात होत्या, म्हणूनच त्या रंगभूमीवर आल्या. प्रतिकूल बाजूने खाडिलकरांचे ‘कीचकवध’ काढले. गोष्ट महाभारतातली, विराटनगरीची. तीत १९०७ चा समाज कुठे आहे? मागच्या बाकांवरून टाळ्या पडल्या, जरा जास्तच.

“मग सरकारने १९१० मध्ये त्यावर बंदी का घातली?” बाईंनी एवढेच विचारले. वर्ग गप्प. मग त्यांनीच उलगडून सांगितले: प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसे, सैरंध्रीत हिंदुस्थान, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल. आरसा नाटककाराने धरला, चेहरा ओळखला तो प्रेक्षकांनी. आणि सरकारनेही! मला हा मुद्दा दोन्ही बाजूंच्या भाषणांपेक्षा आजही वजनदार वाटतो.

एक गोष्ट मात्र त्या तासाला कुणीच काढली नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, तेव्हा प्रयोग ‘शारदा’चा होता. त्यानंतर बंदी आली ती ‘कीचकवध’वर.