झुरळांना शिकवणारा शाळामास्तर

झुरळ दिसलं की आपला हात आधी चपलेकडे जातो. चार्ल्स हेन्री टर्नरनं त्याच झुरळाला धडे दिले.

टर्नरचा जन्म १८६७ चा, अमेरिकेतल्या सिनसिनाटीचा. किडे म्हणजे चावीची खेळणी, आम्हा कोडिंगवाल्यांच्या भाषेत 'हार्डकोडेड', असं तेव्हा अनेकांना वाटायचं. टर्नरनं कोळ्यांची जाळी मोडून पाहिली, जागा बदलून पाहिल्या. कोळी दरवेळी जागेला साजेसं जाळं विणायचे. १८९२ मध्ये त्यानं मांडलं: विणायची ओढ उपजत, पण तपशील कोळी स्वतःच्या अकलेनं ठरवतो.

१९०७ ला शिकागो विद्यापीठाची पीएचडी मिळाली. तरीही १९०८ पासून हा कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ सेंट लुईसमधल्या कृष्णवर्णीय मुलांच्या समनर हायस्कूलमध्ये शिकवत होता. शाळेचे तास सांभाळून त्यानं १९१० मध्ये मधमाश्यांच्या रंगज्ञानावरचे प्रयोग मांडले. १९१२ मध्ये विजेचे झटके देऊन झुरळांना चक्क अंधार टाळायला शिकवलं. १९२३ मध्ये तो गेला, तेव्हा नावावर सत्तरच्या आसपास शोधनिबंध होते.

किड्याला अक्कल आहे का, हे टर्नरनं आधी तपासलं, मग मत दिलं. त्याच्या देशानं मात्र माणसाची कातडी बघूनच मत बनवलं होतं.