कराचीचा सज्जा, मार्च 1949

बंदर रोडवरून तुम्ही चालत निघाला आहात. समुद्राकडून खारा वारा येतो आहे. वाटेत नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची शाळा लागते. 1936 पर्यंत हे शहर मुंबई इलाख्यात होतं, त्याची ही खूण. सिंध विधानसभेला स्वतःची इमारत नव्हती, तेव्हा तिच्या बैठका याच शाळेत भरत. आता इमारत झाली आहे आणि तिथे पाकिस्तानची संविधान सभा बसते. भारतातून आलेल्या निर्वासितांची पालं ओलांडत तुम्ही तिथे पोहोचता आणि प्रेक्षकांच्या सज्जात जागा धरता.

अध्यक्षांच्या आसनावर तमिझुद्दीन खान आहेत. 7 मार्चला पंतप्रधान लियाकत अली खान उठतात आणि उद्दिष्टांचा ठराव मांडतात. साऱ्या विश्वाची सत्ता एका अल्लाची आहे; पाकिस्तानच्या जनतेमार्फत त्याने ती राज्याकडे सोपवली आहे; त्याने आखलेल्या मर्यादेत वापरायची ती पवित्र ठेव आहे. लोकशाही, स्वातंत्र्य, समता, सहिष्णुता आणि सामाजिक न्याय ही तत्त्वं इस्लामने सांगितली तशी पाळली जातील. अल्पसंख्याकांना आपापला धर्म मोकळेपणाने पाळता येईल.

नीट ऐका, हा कट्टर माणसाचा आवाज नाही. इस्लाममध्ये पुरोहितशाही नाही, म्हणून हे राज्य धर्मगुरूंचं होणार नाही, असं ते समजावून सांगतात. ते मनापासून बोलताहेत यावर माझा विश्वास आहे. लाखो माणसं घरदार सोडून या देशात आली आहेत आणि कशासाठी आलो, असं विचारताहेत. लियाकत अली त्यांना उत्तर देऊ पाहत आहेत.

पण 11 ऑगस्ट 1947 ला जिनांनी याच सभेत वेगळं सांगितलं होतं. तुम्ही देवळात जा, मशिदीत जा. तुमचा धर्म कोणता याच्याशी राज्यकारभाराचा संबंध नाही, असा त्यांचा आशय होता. नंतर जानेवारी 1948 मध्ये याच शहरात, वकिलांपुढे, राज्यघटना शरियतला धरून नसेल असं म्हणणाऱ्यांवर त्यांनीच टीका केली. सप्टेंबर 1948 मध्ये ते गेले. आता दोन्ही बाजू त्यांचंच नाव घेताहेत आणि दोघांकडेही आधार आहे.

आता पूर्व बंगालच्या बाकांकडे बघा. भूपेंद्रकुमार दत्त उभे आहेत. युगांतर गटाचे हे जुने क्रांतिकारक. इंग्रजांच्या तुरुंगात त्यांची वर्षानुवर्षं गेलेली. ईश्वराच्या सत्तेचं कलमच गाळा, अशी दुरुस्ती ते सुचवतात. त्यांचा स्वतःचा देवावर विश्वास आहे की नाही, हा मुद्दाच नाही. उद्या एखादा साहसी माणूस सत्ता बळकावेल, देवानेच मला नेमलं म्हणेल आणि याच ठरावावर बोट ठेवेल, ही त्यांची भीती आहे. काबूल काबीज करणाऱ्या बच्चा-ए-सक्काचं नाव ते घेतात. श्रीशचंद्र चट्टोपाध्याय, वयोवृद्ध काँग्रेस नेते, म्हणतात की अनेक धर्मांची माणसं राहतात त्या राज्याने धर्माच्या बाबतीत तटस्थच असावं. या ठरावात त्यांना जिनांचा आवाज ऐकू येत नाही, उलेमांचा येतो.

ठरावाच्या बाजूने बोलणाऱ्यांत मौलाना शब्बीर अहमद उस्मानी आहेत, आणि अहमदिया पंथाचे परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खानही. सहाच महिन्यांपूर्वी जिनांच्या जनाज्याची नमाज उस्मानींनी पढवली, तेव्हा जफरुल्ला त्या रांगेत उभे राहिले नव्हते. आज दोघेही ठरावाच्या एकाच बाजूला आहेत.

याच सभेतले बंगालचे दलित नेते जोगेंद्रनाथ मंडल यांच्याबद्दल मराठी वाचकाला माहीत असायला हवं. 1946 मध्ये मुंबईतून वाट बंद झाल्यावर बाबासाहेब आंबेडकर बंगालमधून भारताच्या संविधान सभेवर निवडून आले, ते मंडल यांच्या मदतीने. आज आंबेडकर दिल्लीत कायदामंत्री आहेत आणि मंडल कराचीत. ऑगस्ट 1947 मध्ये कराचीतल्या या सभेची पहिली बैठक मंडल यांच्याच तात्पुरत्या अध्यक्षतेखाली भरली होती. दलित आणि मुसलमान यांचं हित एकच आहे, या भरवशावर ते इथे राहिले आहेत. 1950 च्या ऑक्टोबरात ते राजीनामा देतील आणि कलकत्त्याला निघून जातील.

12 मार्च. दुरुस्त्या मताला टाकल्या जातात. बाजूने 10, विरोधात 21. बाजूने एकही मुसलमान नाही, विरोधात एकही हिंदू नाही. ठराव मंजूर होतो.

सज्जातून उतरण्याआधी पुढचंही पाहून घ्या. 1974 मध्ये घटनादुरुस्ती होते आणि जफरुल्लांचा पंथ बिगरमुस्लिम ठरतो. 1977 मध्ये जनरल झिया उल हक लष्कराच्या बळावर सत्ता घेतात. 1985 मध्ये ते हा ठराव राज्यघटनेचा अंमलात आणण्याजोगा भाग करतात. त्या वेळी अल्पसंख्याकांच्या वाक्यातला ‘मोकळेपणाने’ हा शब्द गळतो, तो 2010 मध्ये परत येतो.

लियाकत अलींचा हेतू स्वच्छ होता, असं मी मानतो. पण देवाच्या नावाने दिलेली सत्ता शेवटी कुणाच्या हाती जाते, हे त्या सभागृहात सर्वांत आधी दत्तांनी ओळखलं होतं.