मेलोट्रॉन

चुंबकीय फितीवर आधीच मुद्रित केलेले सूर वाजवणारे कळफलकवाद्य. अमेरिकेतील हॅरी चेंबरलिन यांच्या वाद्यावरून ते इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे १९६३ मध्ये तयार झाले.

प्रत्येक पट्टीखाली फितीचा एक स्वतंत्र तुकडा असतो. पट्टी दाबली की फीत फिरत्या दांड्यावर टेकून पुढे सरकते आणि व्हायोलिन, बासरी किंवा समूहगायनाचा खरा मुद्रित सूर ऐकू येतो. फीत जेमतेम आठ सेकंदांची. मग सूर तुटतो. बोट उचलताच स्प्रिंग तिला मागे खेचते. लांबलचक स्वर धरायचा तर वादकाला बोटे आळीपाळीने बदलावी लागत. जड स्वरसंघात मोटरवर ताण येऊन सूर किंचित उतरे. खऱ्या वाद्यवृंदाची हुबेहूब नक्कल म्हणून हे वाद्य फसलेच. पण त्या थरथरत्या, धुकट नादाचीच रॉकला भुरळ पडली. वादकांच्या पोटावर पाय येईल म्हणून ब्रिटिश संगीतकार संघटनेने मात्र या वाद्याला विरोध केला होता.

बीटल्सच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ (१९६७) या गाण्याच्या आरंभीची बासरी मेलोट्रॉनची आहे. मूडी ब्लूज या रॉक बँडचे माइक पिंडर पूर्वी मेलोट्रॉनच्याच कारखान्यात कामाला होते. किंग क्रिमसन (१९६९) व जेनेसिस यांनी या वाद्याला प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये मानाचे स्थान दिले. १९७० मध्ये आलेले ३५ पट्ट्यांचे ‘एम४००’ आकाराने आटोपशीर होते. तरी दौऱ्यावर ते नेणे जिकिरीचेच असे. पुढे डिजिटल सॅम्पलर आले आणि त्याची मागणी ओसरली.