माकडताप: नाव माकडाचं, काम गोचिडीचं

दोडामार्गकडच्या एका प्राथमिक शिक्षिकेचा निरोप आलाय. त्या म्हणतात, "काजूच्या हंगामात पोरं आईवडिलांबरोबर बागेत जातात. त्यांना गोचिडीबद्दल सांगायचंय, पण माकडताप म्हटलं की ती माकडांनाच दगड मारायला लागतात. कसं सांगू?" प्रश्न इतका नेमका आहे की आजचा भाग त्याच्यावरच करू. पण उत्तरासाठी आधी १९५७ मध्ये जावं लागेल.

तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात क्यासनूर नावाचं जंगल आहे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये तिथे माकडं मरून पडायला लागली. काळ्या तोंडाची वानरंही आणि लाल तोंडाची माकडंही. त्याच सुमाराला जंगलालगतच्या गावांत माणसं तापाने फणफणली. डोकं फुटेल असं दुखणं, अंगदुखी, काहींना रक्तस्राव. बातमी पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये पोहोचली. ही संस्था म्हणजे आजची एनआयव्ही; १९५२ साली आयसीएमआर आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून काढलेली.

संचालक टेलफर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी हॅरॉल्ड ट्रॅपिडो यांच्या मनात पहिली भीती आली ती पीतज्वराची. का? कारण दक्षिण अमेरिकेत जंगलातली माकडं मरायला लागली की पीतज्वर आला असं समजायचे. आणि हा रोग भारतात कधीच नव्हता. तो शिरला असता तर काय झालं असतं, याची कल्पनाही नको.

पण तपासणीत निघालं भलतंच. विषाणू नवा होता, आणि त्याचं नातं जुळलं ते रशियाच्या थंड जंगलांत गोचिडीमुळे पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूशी! मग जंगलात पांढऱ्या फ्लॅनेलची फडकी जमिनीवरून ओढत ओढत गोचिड्या गोळा करणं सुरू झालं. विषाणू त्यांच्यात सापडला. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या काही जणांनाही लागण झाली, हे आपण सहसा विसरतो.

रशियाचा विषाणू सह्याद्रीत आला कसा? स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिड्यांतून आला असेल, अशी शंका घेतली गेली. म्हणून सलीम अलींच्या नेतृत्वाखाली बीएनएचएसने पक्ष्यांना कडी घालण्याचा जो मोठा प्रकल्प केला, त्याला जागतिक आरोग्य संघटनेची मदत मिळाली. तो किस्सा मोठा आहे, त्याला वेगळा भाग लागेल. विषाणू मात्र इथल्या जंगलात आधीपासूनच मुरलेला असावा, असंच पुढे अभ्यासकांचं मत होत गेलं.

तर बाई, पोरांना पहिली गोष्ट ही सांगा: माकड गुन्हेगार नाही, तेच पहिलं आजारी पडतं. गोचीड त्याला चावते, ते मरतं, अंग थंड पडलं की गोचिड्या उतरून दुसरं गरम अंग शोधतात. म्हणून मेलेलं माकड दिसलं की जवळ जायचं नाही, मोठ्यांना सांगायचं. आपल्याकडे माकड म्हणजे मारुतीचं रूप, त्याला माती द्यायला सगळा गाव जमतो आणि पोरं पुढे असतात. भावना समजते, पण तिथेच धोका आहे. आरोग्य खात्याला आधी कळवा. ते त्या जागेभोवती औषध फवारतात, मग पुढचं बघावं.

दुसरी गोष्ट हंगामाची. पावसाळा संपला की अंड्यांतून सहा पायांची पिल्लं निघतात. ती मोठी होऊन आठ पायांची, तिळाएवढी होतात आणि नोव्हेंबर ते मेपर्यंत पाचोळ्यात दबा धरून बसतात. माणसाला चावते ती बहुधा हीच. आता बघा, काजूही तेव्हाच, पातेरा गोळा करायचे दिवसही तेव्हाच, आणि सुट्टीही तेव्हाच. कोकण-गोव्यात हा ताप आला तेव्हा काजूच्या बागांचं नाव वारंवार निघालं ते उगाच नाही. गोव्यात सत्तरी तालुक्यात २०१५ साली, दोडामार्गात २०१६ च्या जानेवारीत. त्याआधी १९८३ मध्ये दक्षिण कन्नडच्या बेळतंगडी तालुक्यात जंगल तोडल्यावर मोठी साथ आली होती. जंगलात माणूस घुसला, गुरं चरायला नेली, की मोठ्या गोचिड्यांना गुरांचं रक्त मिळतं आणि त्यांची संख्या वाढते. हे पोरांना सांगायचं की नाही, तुम्ही ठरवा. मी सांगेन.

लशीवर भिस्त ठेवू नका. जुनी लस लहान मुलांना दिलीच जात नव्हती, आणि परिणाम कमी म्हणून २०२२ मध्ये ती थांबवली. उरतं ते अंगावरचे कपडे आणि डोळे. पूर्ण बाह्यांचे फिके कपडे, पँट मोज्यात खोचलेली, उघड्या अंगाला आरोग्य केंद्रात मिळणारं डेपा तेल. पातेऱ्यावर बसायचं नाही, लोळायचं तर मुळीच नाही. घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, कपडे गरम पाण्यात. मग आईने काखेत, कानामागे, जांघेत, केसांत बघायचं. आमच्या लहानपणी गोचीड निघाली की रॉकेल लावायचे, नाहीतर पेटती काडी. दोन्ही चूक. चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढायची, बोटांनी चिरडायची नाही, जागा साबणाने धुवायची. जंगलात जाऊन आल्यावर आठवडाभरात ताप आला तर "बागेत गेलो होतो" हे डॉक्टरांना सांगायचं. पोरं शिक्षेच्या भीतीने हेच लपवतात. तेव्हा बाई, बागेत गेलास म्हणून ओरडणार नाही, हे आधी कबूल करा.

आणि ते फडकं. शाळेत पांढरा रुमाल पसरा, त्यावर चार काळे तीळ टाका आणि पोरांना मोजायला लावा. मग तेच तीळ मातकट कापडावर टाकून पुन्हा मोजायला सांगा. फिके कपडे का घालायचे, ते पोरांना आपोआप कळेल. कसं झालं ते कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवतो.